रेषेवर कुणाचा शब्द? पिंपळगावच्या हायस्कूलचे टेनिस आणि आपली मुले

खेळाच्या मैदानावर जात नसते, असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. सांगणारा बहुतेक वेळा मैदानाच्या आतला असतो. कुंपणाबाहेर उभे राहून बघणाऱ्याला हे वाक्य कधी सुचलेले आम्ही ऐकले नाही.

या वेळी विषय टेनिसचा आहे. हसू नका. आम्ही हा विषय काढला तेव्हा आमच्याच बैठकीतली चार पोरं हसली. "शिष्यवृत्ती अडकली आहे, वसतिगृहाची यादी लागलेली नाही, आणि आपण टेनिसवर बोलायचं?" असा त्यांचा सवाल होता. सवाल चुकीचा नाही, त्याच्याकडे आम्ही पुढे येतोच. पण त्या हसण्याबद्दल आधी दोन शब्द. ज्या गोष्टीचे नाव काढताच आपल्याला हसू येते, ती आपल्यासाठी नाही हे बहुधा कुणीतरी आपल्या आधीच ठरवलेले असते. आपण फक्त त्या निर्णयावर हसून सही करतो.

पिंपळगाव बसवंत आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरचे, निफाड तालुक्यातले पैशाचे गाव. द्राक्ष, कांदा, टोमॅटो. हंगामात बाजार समितीच्या आवारात टोमॅटोच्या क्रेटचे डोंगर आणि परराज्यांच्या गाड्यांच्या रांगा. इथली द्राक्षे समुद्रापार जातात. नाशिक तासाच्या आत, ओझरचे विमान कारखान्याचे गाव त्याहून जवळ. अशा गावात इंग्रजी शाळा वाढल्या, स्कूल बस आल्या, स्केटिंग आले, कराटे आले. आता हायस्कूलच्या मुलांचे टेनिसही येणार, यात आम्हाला शंका नाही. ज्या गावात एका पिढीत बैलगाडीची पिकअप झाली, त्या गावात हिरव्या रंगाचे एक कोर्ट उभे राहायला किती वेळ लागतो?

ते उभे राहील तेव्हा आपली मुले त्या कोर्टाच्या कोणत्या बाजूला असतील, हा आमचा प्रश्न आहे. आणि तो आज विचारायचा आहे, कारण शाळेतल्या कोणत्याही नव्या उपक्रमात पहिल्या वर्षी ज्यांच्या हातात वस्तू जाते, पुढची दहा वर्षे ती त्यांच्याच घरातून फिरते. लेझीम पथक घ्या, स्काउट घ्या, स्नेहसंमेलनातले नाटक घ्या. पहिली बॅच ठरली की प्रथा ठरते. मग "आमच्याकडे असंच असतं" हे वाक्य तयार होते आणि त्याच्यापुढे मुख्याध्यापकही हात टेकतात.

गंमत बघा. टेनिसचा चेंडू आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. गल्लीतले क्रिकेट त्याच्यावरच चालते. चेंडूची बाजू गुळगुळीत झाली की तो कसा घसरतो, भिजला की किती जड होतो, गटारात गेला की कोणत्या काठीने काढायचा, हे सगळे त्याला पाठ. त्या चेंडूचे नावच टेनिस बॉल आहे. फक्त तो ज्या खेळासाठी बनला त्या खेळाची रॅकेट त्याने कधी हातात धरलेली नाही. चेंडू झिरपत आपल्यापर्यंत आला, रॅकेट वरच राहिली.

असे का होते, याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये एक चर्मकार तरुण खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा, जाळ्या लावायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचा. पालवणकर बाळू त्याचे नाव. तासन्‌तास गोलंदाजी करून घेतली, पण फलंदाजीला बॅट काही हातात दिली नाही. पुढे हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते म्हणून बाळू संघात आले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, पण चहाच्या वेळी त्यांचा कप वेगळा आणि बसायची जागाही बाहेर. १९११ मध्ये ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, सर्व सामने मिळून शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले, १९२३ मध्ये, आणि तेही बरेच भांडण झाल्यावर. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले आणि हरले, म्हणून आपल्यातले काही जण त्यांचे नाव घ्यायला कचरतात. आम्हाला ते पटत नाही. राजकारणातला त्यांचा निर्णय एका जागी, आणि मैदानावर त्यांनी सोसलेले दुसऱ्या जागी.

बाळूंच्या गोष्टीतला आमच्या कामाचा भाग एवढाच : मैदान तयार करणारा एक आणि मैदानावर खेळणारा दुसरा, ही वाटणी खेळातही असते. टेनिसमध्ये तर तिला नावे आहेत. जिमखान्यात चेंडू गोळा करणारी पोरे असतात, त्यांना बॉल बॉय म्हणतात. सभासदांना सरावासाठी चेंडू मारून देणारा पगारी माणूस असतो, त्याला मार्कर म्हणतात. ही पोरे कोणत्या वस्तीतून येतात हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असते. आमच्यातल्या एकाने शाळेत असताना तीन वर्षे क्रिकेट संघाची किट बॅग वाहिली. सर म्हणायचे, "हा फार कष्टाळू आहे." संघाच्या यादीत त्याचे नाव एकदाही आले नाही. कष्टाळू हे विशेषण आपल्या मुलांना जिथे जिथे मिळते, तिथे आम्ही आता सावध होतो.

आता कुणी म्हणेल, आपल्याच नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत बघा, दत्तू भोकनळ बघा. जरूर बघा. कविता राऊत सावरपाड्याच्या आदिवासी घरातली, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने पदक आणले. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, पिंपळगावहून महामार्गाने वर गेले की तोच तालुका. बापाबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जाणारा मुलगा सैन्यात गेला, तिथे त्याने पहिल्यांदा वल्हे हातात धरले आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या नौकानयनात उतरला. दोघांचाही आम्हाला अभिमान आहे. पण नीट बघा. एकीला पळायला रस्ता पुरला, तो सरकारी होता. दुसऱ्याला बोट मिळाली, ती सैन्याने दिली. गावाने, शाळेने, तालुक्याने काय दिले? ज्या खेळाला फक्त अंग लागते, तिथे आपल्या मुलांचे स्वागत होते. ज्याला कोर्ट लागते, रॅकेट लागते, रोज संध्याकाळचे दोन तास आणि शिकवणारा माणूस लागतो, तिथे दार बंद. कुस्ती, कबड्डी, खो-खो, धावणे यांना आम्ही कमी लेखत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की कोणता खेळ कुणी खेळायचा हे अंगमेहनतीच्या हिशेबाने ठरत असेल, तर ती जुनीच वाटणी आहे, फक्त तिच्या अंगात आता खेळाडूचा बनियन आहे.

हायस्कूलच्या मुलांचे टेनिस शून्यातून कसे उभे राहते, याचे एक खरे उदाहरण आम्हाला सांगायचे आहे. ते अमेरिकेतले आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले होते, पँथरने आपले नावच तिकडून घेतले. तेव्हा हे नाते आपल्याला नवे नाही.

व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग नावाचे गाव आहे. तिथे रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन नावाचे कृष्णवर्णीय डॉक्टर होते. गोऱ्यांच्या टेनिस संघटनेत काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून काळ्या खेळाडूंनी १९१६ मध्येच आपली स्वतःची संघटना काढली होती, स्वतःच्या स्पर्धा भरवल्या होत्या. डॉ. जॉन्सन त्या संघटनेचे. त्यांच्या घरामागे एक मातीचे कोर्ट होते. शेजारच्याच शार्लट्सव्हिलमध्ये दरवर्षी हायस्कूलच्या मुलांची राष्ट्रीय आंतरशालेय टेनिस स्पर्धा भरायची, सगळी मुले गोरी. डॉक्टरांनी आयोजकांना गाठले, आमची मुले घेता का, असे विचारले. १९५१ मध्ये त्यांची दोन हायस्कूलची पोरे त्या स्पर्धेत उतरली. दोघेही लगेच हरले, आणि वाईट हरले. खेळातले अंतर उघड्यावर पडले.

इथे दोन वाटा होत्या. एक, "आपल्या मुलांना हे जमत नाही" असे म्हणून गप्प बसायचे. गोऱ्यांना तेच ऐकायचे होते. दुसरी, घरामागच्या कोर्टावर दर उन्हाळ्यात मुलांचे शिबिर भरवायचे. डॉक्टरांनी दुसरी धरली. मुलांना झाडूच्या दांड्याने चेंडू मारायला लावले, म्हणजे नजर बसते. मुलेच कोर्ट झाडायची, पाणी मारायची. अल्थिया गिब्सन याच वर्तुळातून आली. दुसऱ्या एका कृष्णवर्णीय डॉक्टरने तिला आपल्या घरी ठेवून हायस्कूल पूर्ण करायला लावले, आणि उन्हाळ्यात ती लिंचबर्गला खेळायची. १९५७ मध्ये ती विम्बल्डन जिंकली. त्याच घरामागच्या कोर्टावर रिचमंडचा एक बारीक पोरगा आला, ज्याचा बाप काळ्यांसाठी राखलेल्या मैदानाची देखभाल करायचा. आर्थर ॲश त्याचे नाव. १९६१ मध्ये त्याने तीच आंतरशालेय स्पर्धा जिंकली. १९६८ मध्ये अमेरिकन ओपन, १९७५ मध्ये विम्बल्डन. दोन हरलेल्या पोरांपासून आंतरशालेय विजेत्यापर्यंत दहा वर्षे लागली. पिंपळगावच्या पहिल्या बॅचकडून पहिल्या वर्षी पदकाची अपेक्षा करणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

पण डॉक्टरांच्या शिबिरातला एक नियम आम्हाला रात्रभर बोलत ठेवून गेला. तो समजायला टेनिसची एक गोष्ट माहीत हवी, आणि ती पिंपळगावातही तितकीच लागू आहे.

शाळकरी आणि कुमार गटाच्या टेनिसमध्ये, निदान सुरुवातीच्या फेऱ्यांत, प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. तेवढे पंच आणायचे कुठून? मग नियम असा, की चेंडू आपल्या बाजूला पडला तर तो आत की बाहेर, हे आपण स्वतः सांगायचे. समोरच्याने ते मानायचे. कबड्डीत पंच शिट्टी मारतो, क्रिकेटमध्ये बोट वर करतो. टेनिसमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतः ओरडून "आउट" म्हणायचे असते, आणि त्याच्या एका शब्दावर गुण जातो किंवा येतो.

आता डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला बागाईतदाराचा, संचालकाचा मुलगा. दुसऱ्या बाजूला त्याच बागेत थिनिंगला जाणाऱ्या बाईचा मुलगा. चेंडू रेषेच्या दोन बोटे बाहेर पडतो. आपला पोरगा "आउट" म्हणेल? आणि म्हणाला, तर त्याचा शब्द मानला जाईल?

डॉ. जॉन्सन यांनी याचे उत्तर असे काढले : रेषेबाहेर एक-दोन इंच पडलेला चेंडूही आत आला असे समजून खेळायचा. वाद घालायचा नाही. बाजू बदलताना चेंडू उचलून प्रतिस्पर्ध्याच्या हातात द्यायचे. चेहऱ्यावर राग दिसू द्यायचा नाही. कारण एकदा जरी काळ्या मुलाचे गोऱ्याशी रेषेवरून भांडण झाले, तरी पुढच्या वर्षी सगळ्या काळ्या मुलांना दार बंद करायला तेवढे निमित्त पुरे होते. डॉक्टर भित्रे नव्हते. ते आत शिरण्याची किंमत मोजत होते.

आमच्यात यावर एकमत झाले नाही आणि ते लपवण्याचे कारण नाही. काहींचे म्हणणे, आधी आत शिरू द्या, शब्द नंतर मिळवू. आम्ही बहुसंख्य त्याच्या विरुद्ध आहोत. कारण आपला इतिहास वेगळा आहे. गावाच्या शिवेचा तंटा झाला की महाराला बोलावले जाई. शीव कुठून निघते, कोणत्या ओढ्यावरून वळते, कुठला दगड कुणी हलवला, हे त्यालाच ठाऊक असे आणि त्याने दाखवलेली रेषा गाव मानी. तो काही सन्मान नव्हता, वतनाच्या गुलामीतले एक काम होते. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते उगाच नाही. पण गंमत अशी, की गावाला स्वतःची हद्द ठरवायची होती तेव्हा आमच्या पणज्याचा शब्द चालला. आणि आज पणतूने अठ्ठ्याहत्तर फुटी कोर्टाची हद्द सांगितली, तर तो "उद्धट" ठरणार?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्या मुलांना बॅकहँड नंतर शिकवा. पहिल्या आठवड्यात मोठ्याने, समोरच्याच्या डोळ्यांत बघून "आउट" म्हणायला शिकवा. आणि चेंडू आत असेल तर तितक्याच मोठ्याने "आत" म्हणायला शिकवा. त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवता येऊ नये, पण त्याने दोन इंचांचे दानही करू नये. दान खूप करून झाले.

शिक्षकांचीही इथे कसोटी आहे. मुलांचा रेषेवरून वाद झाला की पीटीच्या सरांची नजर आधी कुणाकडे वळते, यावरून त्या शाळेचे टेनिस कोणत्या दिशेने जाणार हे पहिल्या महिन्यात कळते.

एक कडवट आठवण. १९७४ मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका. तिथले सरकार वर्णभेदी, म्हणून भारताने खेळायला नकार दिला आणि चषक न खेळताच त्यांना गेला. निर्णय योग्य होता, आम्ही आजही त्याला सलाम करतो. पण कातडीच्या रंगावरून माणसाला कोर्टाबाहेर ठेवणे हा इतका मोठा गुन्हा आहे, की त्यासाठी जगज्जेतेपदावर पाणी सोडावे, हे ज्या देशाला कळले, त्या देशाच्या जिमखान्यांत तेव्हा सभासद कोण होते आणि चेंडू कोण गोळा करत होते, याची चौकशी कुणी केली?

आता त्या पहिल्या सवालाकडे. शिष्यवृत्ती अडकलेली असताना टेनिस कशाला? याचे उत्तर असे, की हाही हक्काचाच प्रश्न आहे आणि याच्या टोकाला गुण आणि नोकऱ्या आहेत. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत लॉन टेनिस आहे, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटात. कबड्डीत तालुक्यातून वर यायला शेकडो मुलांशी झुंजावे लागते. टेनिसमध्ये जिल्ह्यालाच मोजकी मुले असतात. म्हणजे जिल्हा, विभाग, राज्य ही शिडी तिथे आखूड आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, ते या शिडीवर अवलंबून असतात. पुढे शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. "आरक्षणाने गुणवत्ता मरते" म्हणून गळा काढणाऱ्या घरांतली मुले या आखूड शिडीने किती निवांत वर जातात, ते एकदा बघा. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे याच राज्यात उघडकीस आली आहेत. त्यावर गुणवत्तेचे मोर्चे निघालेले आम्हाला आठवत नाहीत.

"आपल्याला परवडणार नाही" हा दुसरा आक्षेप. पूर्ण मापाचे कोर्ट खरोखर महाग आहे. ७८ फूट लांब, दुहेरीसाठी ३६ फूट रुंद, भोवती पळायला जागा धरली तर साधारण १२० बाय ६० फूट सपाट जमीन, वर सिमेंट किंवा रंगीत थर. पण सुरुवात तिथून करायची कुणी सांगितले? आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ पासून नवशिक्यांसाठी मऊ आणि हळू उसळणाऱ्या चेंडूंचा आग्रह धरला आहे : लाल, नारिंगी आणि हिरव्या टिपक्याचे. मुळात ते लहान मुलांसाठी, पण पहिल्यांदा रॅकेट धरणाऱ्या कुणालाही चालतात. नारिंगी चेंडूच्या कोर्टाची लांबी १८ मीटर असते. आणि आपल्या जवळजवळ प्रत्येक हायस्कूलमध्ये असलेल्या व्हॉलीबॉलच्या मैदानाची लांबी किती? १८ मीटर! व्हॉलीबॉलची जाळी स्वतः एक मीटर उंचीची असते. ती खांबावरून जमिनीला टेकेपर्यंत खाली घेतली आणि मधोमध दोरीने थोडी खेचली, की टेनिसची जाळी तयार. चुन्याची फक्की शाळेत असतेच.

जमीन म्हणाल, तर निफाडची काळी माती कामाची नाही, ती उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ती घट्ट करावी लागते. मातीचे टेनिस कोर्ट म्हणजे दुसरे काय, धान्य मळायला करत तसे खळेच. लोकांची खळी करण्यात आपल्या किती पिढ्या गेल्या. हे तंत्र आपल्याला कुणी शिकवायला नको. शिकवणारा नसेल तर शाळेची एखादी खिडकी नसलेली भिंत शोधावी, तिच्यावर जाळीच्या उंचीवर एक रेघ ओढावी. भिंत कंटाळत नाही, जात विचारत नाही, आणि मारलेला प्रत्येक चेंडू परत देते. रॅकेट सुरुवातीला साध्या ॲल्युमिनियमच्या चालतात. हजार-दीड हजाराची एक रॅकेट चार मुलांत फिरू शकते, मात्र ती शाळेच्या मालकीची हवी. "ज्याने त्याने आपली आणावी" ही एक सूचना सूचनाफलकावर लागली, की वस्तीतली निम्मी नावे त्याच दिवशी गळतात. कुणालाही नाही म्हणावे लागत नाही. हल्ली बहिष्कार असाच असतो, सौजन्याने टाकलेला.

खरी अडचण पैशापेक्षा वेळेची आहे, आणि ती बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाला कळणार नाही. शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतात. त्याच वेळी टोमॅटोचा हंगाम भरात असतो. लगेच द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, मग डिपिंग, थिनिंग. आई-बाप पहाटे पिकअपमध्ये बसून बागेवर जातात, अंधार पडल्यावर येतात. मोठी मुलगी घरी धाकट्यांना सांभाळते, मोठा मुलगा शनिवार-रविवार स्वतःच रोजंदारीवर असतो. सुरगाणा, पेठकडून कामाला आलेल्या आदिवासी कुटुंबांची मुले तर हंगाम बदलला की शाळाच बदलतात किंवा सोडतात. अशा मुलांसाठी "सराव संध्याकाळी साडेपाच ते साडेसात" असे लिहिणे म्हणजे त्यांना वगळणेच. सराव शाळेच्या वेळापत्रकातल्या खेळाच्या तासात झाला पाहिजे, ज्या तासाला बहुतेक ठिकाणी गणिताचे सर येऊन बसतात. मुलींसाठी तर दुसरा मार्गच नाही. अंधारात घरी परतावे लागणार असेल, तर मुलीचा खेळ तिच्या इच्छेवर नाही, रस्त्यावरच्या दिव्यांवर ठरतो. आणि पांढऱ्या स्कर्टचा हट्ट कुणी धरला तर त्याला सांगा, शाळेच्या पंजाबी ड्रेसवरही फोरहँड मारता येतो.

इंग्रजी शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांतून गेलेली आपली मुले आहेत. तिथे टेनिस आले की ते "ॲक्टिव्हिटी" या नावाने येईल, वेगळ्या फीसह. आपले मूल वर्गात बसेल आणि तासाला खिडकीतून कोर्ट बघेल. शिवाय हा कायदा आठवीपर्यंतच पोचतो. नववीला, म्हणजे खेळ नेमका आकार घेतो तेव्हा, आपल्या मुलाचा हात सोडला जातो. म्हणूनच आम्ही म्हणतो, की टेनिसची मागणी मराठी माध्यमाच्या अनुदानित हायस्कूलांत करा, सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय निवासी शाळांत करा. निवासी शाळेत तर मुले चोवीस तास आवारातच असतात. पिकअपही नाही, अंधारही नाही. लिंचबर्गच्या डॉक्टरच्या घरामागे जे होते, त्याहून जास्त आपल्याकडे आहे.

कागदावर हक्क आधीच आहेत. सरकारी पैशाने चालणाऱ्या सार्वजनिक जागांपासून कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही, हे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये लिहिले आहे. पण कागदाचे काय होते ते आपल्याला महाडने शिकवले. बोले ठराव १९२३ चा, महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला १९२४ मध्ये, आणि तळ्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, माणसे स्वतः चालत गेली तेव्हा. टेनिस कोर्टाला चवदार तळे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. पाणी ते पाणी, खेळ तो खेळ. तरी ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये चालत जाण्याचे अंतर असते, तेवढे इथेही आहे. तालुक्याच्या क्रीडा संकुलात, शाळेच्या मैदानात आपली दहा मुले रोज दिसली पाहिजेत. येवला आणि काळाराम ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या कार्यकर्त्यांना हे अधिक सांगायला नको.

आणि दुसरा हातही विसरू नका. काळ्या खेळाडूंनी गोऱ्यांचे दार ठोठावले, पण त्याआधी पस्तीस वर्षे आपली संघटना चालवली होती. बाबासाहेबांनी महाड केले आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीही काढली. विहारामागची मोकळी जागा, समाजमंदिराची एक भिंत, उन्हाळ्याची सुट्टी. एवढ्यावर मे महिन्याचे शिबिर होते.

या एप्रिलला जयंतीच्या वर्गणीच्या बैठका लागतील. डीजेच्या एका रात्रीचे भाडे किती, ते प्रत्येक मंडळाला पाठ आहे. त्या रकमेत दहा रॅकेट आणि नारिंगी टिपक्याचे चाळीसेक चेंडू येतात की नाही, हा हिशेब आम्ही आमच्या मंडळाच्या बैठकीत मांडणार आहोत. मंजूर झाला तर रॅकेट आणि चेंडू हायस्कूलला लेखी द्यायचे, पोच घ्यायची, आणि देताना तीन अटी घालायच्या. रॅकेट शाळेतच राहतील. सराव खेळाच्या तासात होईल, आणि पहिल्या बॅचमध्ये निम्म्या मुली असतील. तिसरी अट रोलरची. मैदानाला पाणी कुणी मारायचे, रोलर कुणी ओढायचा आणि चेंडू कुणी गोळा करायचे, याची पाळी दर सोमवारी फळ्यावर लिहायची, हजेरीपटाच्या क्रमाने, एकही नाव न वगळता.